स्वच्छता मोहिमांचे प्रायोजक आणि नद्यांमधील प्लास्टिक : एका लेखाला उत्तर

उगमशोधक (धागालेखक)

गेल्या आठवड्यात येथे आलेल्या एका लेखाला प्रतिसाद लिहायला घेतला आणि तो इतका लांबला, की स्वतंत्र धागा काढणेच योग्य वाटले. त्या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे होते : कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) चालवणारे, राफ्टिंगला जाणारे, गळ टाकून बसणारे आणि या सर्वांना कपडे व साहित्य विकणारे उद्योग एकत्र आले, तर नद्यांमधील प्लास्टिकचा प्रश्न स्वयंसेवेच्या बळावर सुटेल; त्यासाठी नव्या कायद्यांची गरज नाही आणि कंपन्यांना दोष देण्याचीही नाही. लेखाखाली अभिनंदनाची रीघ लागली. मला मात्र त्यातील उत्तरार्धाची चीड आली.

ही भूमिका नवी नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने १९५३ मध्ये परत न घेतल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटल्यांवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डबे, बाटल्या व वेष्टने बनवणाऱ्या उद्योगांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही संस्था उभी राहिली. व्हरमाँटचा तो कायदा १९५७ मध्ये संपुष्टात आला. संस्था मात्र वाढत गेली. १९७१ मधील तिची जाहिरात जगभर गाजली. तीत मूलनिवासी वेशातील एक माणूस होडी वल्हवत कचऱ्याने भरलेल्या पाण्यातून जातो आणि शेवटी त्याच्या डोळ्यांत अश्रू येतात. प्रदूषण माणसे करतात आणि माणसेच ते थांबवू शकतात, असा तिचा संदेश होता. त्या वाक्यात बाटली बनवणाऱ्याला जागाच नव्हती. नंतर बाटल्यांवर अनामत रक्कम (रिकामी बाटली परत केली की ती परत मिळते) आकारणाऱ्या कायद्यांचे प्रस्ताव येऊ लागले, तेव्हा याच संस्थेच्या नेतृत्वाने त्यांना विरोध केला. होडी, नदी आणि अपराधी वाटणारा सामान्य माणूस या तिघांना पुढे करून उत्पादकाने मागच्या दाराने निघून जायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आता प्रमाणाचा विचार करावा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित संशोधनानुसार १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले. त्यातून निर्माण झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के कचऱ्याचे पुनर्चक्रण झाले. नद्यांमार्फत समुद्राला मिळणाऱ्या प्लास्टिकचा २०२१ मधील अंदाज वर्षाला ८ लाख ते २७ लाख टन इतका आहे, आणि त्यातील ८० टक्के भार हजारांहून अधिक नद्या मिळून वाहतात. त्यांत शहरांमधून जाणाऱ्या लहान नद्यांचा वाटा विशेष मोठा आहे. म्हणजे दहा-बारा मोठ्या नद्या अडवल्या की काम झाले, ही पूर्वीची समजूतही टिकलेली नाही. एवढ्या पसरलेल्या प्रश्नावर सुटीच्या दिवशी हातमोजे घालून उतरणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच प्रकार आहे.

माझे म्हणणे स्वच्छता थांबवा असे नाही. नदीवर ज्यांचा धंदा चालतो, त्यांच्या शब्दाला वजन असते. ते वजन त्यांनी बाटल्यांवरील अनामत रकमेसाठी, अनावश्यक वेष्टनांच्या बंदीसाठी आणि उत्पादकांच्या जबाबदारीसाठी वापरले पाहिजे. जो उद्योग मोहिमेसाठी पैसे देतो पण या कायद्यांबद्दल मौन पाळतो, त्याचा फलक नदीकाठी लावू नये.

वल्हेकरी

ज्या लेखावर आपण तुटून पडला आहात तो मी लिहिलेला नाही, परंतु त्यात ज्यांचे कौतुक होते त्यांपैकी मी एक आहे. म्हणून उत्तर देणे भाग आहे.

आपण ८३० कोटी टनांचा आकडा दिलात. तो वाचून नदीतली एक पिशवीही कमी झाली नाही. पूर ओसरल्यानंतर वळणावर अडकलेल्या ओंडक्यांच्या ढिगाजवळ आपण कधी कयाक नेली आहे काय? तेथे पायी पोहोचता येत नाही. काठ खचलेला असतो आणि चिखल मांडीपर्यंत येतो. फांद्यांना पिशव्यांच्या चिंध्या अशा गुंडाळलेल्या असतात, की एक ओढली तर चार ताणल्या जातात आणि पाचवी हातातच फाटते. बाटल्यांमध्ये गाळ भरलेला असतो, त्यामुळे त्या तरंगत नाहीत; एकेक उचलताना दगड उचलल्यासारखी वाटते. थर्माकोलच्या पेटीला हात लावला की तिचे मणी सुटतात आणि डोळ्यांदेखत प्रवाहाला लागतात, त्या वेळी माणूस अक्षरशः दोन्ही तळवे जोडून ते गोळा करू पाहतो. आमच्या गटातील एक मुलगी त्या मण्यांमागे गार पाण्यात छातीपर्यंत उतरली होती. तिला कोणत्या कंपनीने पाठवले होते, हे आपण सांगावे.

नदीत पडलेले प्लास्टिक लगेच समुद्रात जात नाही. पुष्कळसे काठावर, झुडपांत, गाळात वर्षानुवर्षे अडकून राहते. ऊन त्याला ठिसूळ करते, दगड त्याचा चुरा करतात. ते आख्खे आहे तोवरच उचलता येते. पुढच्या पुराआधी काढलेली बाटली म्हणजे न झालेला चुरा. आपला कायदा विधिमंडळात पोहोचेपर्यंत किती पूर येऊन जातील, याचा हिशेब आपल्या लेखात कुठेच नाही.

राहिला प्रायोजकांचा प्रश्न. गोळा झालेला ओला, घाण कचरा वाहून न्यायला गाडी लागते. ती गाडी एका क्रीडासाहित्याच्या कंपनीने दिली. आपण तिचा फलक काढायला सांगता. गाडी कोण देणार, हेही सांगावे.

नोंदवही

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असे म्हणून मी सुटका करून घेणार नाही, कारण धागालेखकांनी इतिहासाची एकच बाजू मांडली आहे.

अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९७१ मध्ये बाटल्या व डब्यांवर अनामत रक्कम आकारणारा कायदा केला. त्या कायद्यामागे रिचर्ड चेंबर्स नावाचा एक विक्रेता होता. डोंगरांत आणि समुद्रकिनाऱ्यावर भटकणे आणि भटकताना इतरांचा कचरा उचलणे, हा त्याचा छंद. वाकून वाकून उचललेल्या त्या डब्या-बाटल्यांनी वैतागूनच त्याने १९६८ मध्ये आपल्या ओळखीच्या लोकप्रतिनिधीला गाठले आणि पुढे चिकाटीने पाठपुरावा केला. कायद्यापूर्वी रस्त्याकडेच्या कचऱ्यात पेयांच्या डब्या-बाटल्यांचा वाटा सुमारे ४० टक्क्यांपर्यंत होता, तो १९७९ पर्यंत ६ टक्क्यांवर आला. कचरा उचलणारा माणूस आणि कायदा मागणारा माणूस येथे एकच होता. ज्याने कधी बाटली उचललेली नाही, त्याला तो कायदा सुचला असता का, याची मला शंका आहे.

दुसरे असे की, आज आपण जे आकडे देतो त्यांतील बरेचसे स्वयंसेवकांनीच गोळा केलेले आहेत. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता उपक्रमात पहिल्यापासून प्रत्येक वस्तूची नोंद तक्त्यावर केली जाते. दुसऱ्या एका मोहिमेत २०१८ ते २०२२ या काळात ८४ देशांत स्वयंसेवकांनी १८ लाखांहून अधिक तुकडे तपासून त्यांवरील नाममुद्रा नोंदवल्या. त्यावर आधारित संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक तुकड्यांवर नावच उरलेले नव्हते. ज्यांवर होते त्यांतील निम्म्याहून अधिक वाटा ५६ कंपन्यांचा होता आणि एकट्या कोका-कोलाचा ११ टक्के. उत्पादकावर बोट ठेवायला जो पुरावा लागतो तो चिखलात उतरूनच मिळतो.

उगमशोधक

चेंबर्स यांचे उदाहरण मला मान्य करावे लागते, तरी त्याचा अर्थ आपण लावता तसा मी लावत नाही. ते कचरा उचलून थांबले असते, तर आज त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते. वल्हेकरी यांच्या गटाने इतकी वर्षे उचललेल्या बाटल्यांवरील नावे कोठे नोंदवली आहेत काय? मोजणी नसेल तर त्या कष्टांतून पुढे काय उभे राहणार, एवढाच माझा प्रश्न आहे. त्या मुलीच्या कष्टांबद्दल मला आदर आहे आणि तो उपरोधाने लिहिलेला नाही.

गळवाला

या चर्चेत अजून आमचा उद्धार झालेला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण एरवी नदीतील प्लास्टिकचा विषय निघाला की पहिले बोट गळ टाकणाऱ्यांकडे जाते. तुटलेला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सापडला की छायाचित्र निघते आणि ‘यांना नदीवर येऊ देऊ नका’ अशी मागणी होते. त्याच चौकटीत मागे बुचासकट पडलेल्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने असतात, त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे. मी अनेक ठिकाणी वापरलेला तंगूस टाकण्यासाठी काठावर नळकांडी बसवलेली पाहिली आहेत. ती बसवणारे, रिकामी करणारे आणि त्यातला तंगूस पुनर्चक्रणासाठी पाठवणारे बहुतेक गळवालेच असतात.

वल्हेकरी

गळवाले यांच्याशी माझे वैर नाही, पण संन्याशाची उपमा मला पटत नाही. एका पाणपक्ष्याच्या पायातला तंगूस मी स्वतः कापून काढला आहे. तो इतका आवळला गेला होता, की कातडीवर त्याच्यामागे पांढरी खाच पडली होती आणि बोटे सुजून काळी झाली होती. कात्रीचे टोक तंगुसाखाली घालायलाही जागा नव्हती. पक्षी उडाला, तरी तो पाय पुढे वाचला असेल असे मला वाटत नाही. बाटली कुरूप दिसते, तंगूस जीव घेतो. नळकांडी बसवली म्हणून हे झाकले जात नाही. मऊ प्लास्टिकची जी आमिषे पाण्यात तुटून राहतात आणि मासे गिळतात, त्यांच्यासाठी तर नळकांडीही नाहीत.

गळवाला

आमिषांचा मुद्दा बरोबर आहे. मी ती वापरणे सोडले आहे. पण आपल्या कयाकही प्लास्टिकच्याच असतात आणि खडकावर घासल्या की त्यांचा कीस नदीतच पडतो, हे आपणही लिहायला हवे होते.

धागादोरा

कयाकचा कीस राहू द्या. सर्वांच्या अंगावर काय आहे याकडे कोणाचेच लक्ष नाही. स्वच्छता मोहिमेला आलेल्या प्रत्येकाला प्रायोजक टी-शर्ट देतो आणि त्यावर अभिमानाने छापलेले असते की तो टाकून दिलेल्या बाटल्यांपासून बनवलेला आहे. ते पॉलिएस्टर आहे. थंडीत घालायची फ्लीस (लवदार, उबदार कापडाचे वस्त्र) हीही पॉलिएस्टरच. ही वस्त्रे धुताना त्यांतून डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात आणि सांडपाण्यावाटे निघून जातात. म्हणजे मोहिमेच्या दिवशी नदीतून बाटल्या बाहेर काढायच्या आणि पुढे प्रत्येक धुण्यात त्याच बाटल्या तंतूंच्या रूपाने पाण्यात सोडायच्या. बाटली निदान उचलता तरी येते. पाण्यात गेलेला तंतू कोणाला उचलता येणार?

ब्रिटनमधील प्लायमाउथ विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगांत सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात असे दिसले. पॉलिएस्टरचा आकडाही पाच लाखांच्या जवळ होता. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात बहुतांश तंतू अडतात हे खरे, पण ते गाळात अडतात, तो गाळ अनेक ठिकाणी शेतात पसरला जातो आणि पावसाबरोबर त्यातील काही भाग पुन्हा ओढ्याकडे येतो. जेथे प्रक्रिया केंद्रच नाही तेथील गोष्ट तर निराळीच. नदीप्रेमाचा गणवेश असा असेल तर मला तो नको आहे. गेल्या मोहिमेत मी टी-शर्ट परत केला, तेव्हा आयोजकांनी मला सर्वांसमोर ‘उत्साह घालवणारी बाई’ म्हटले.

पाठपिशवी

मी डोंगर-नदीवर लागणारे कपडे व साहित्य विकतो. त्यामुळे या धाग्यावर माझे मत आधीच निकालात निघाले असेल, तरीही लिहितो.

बाटल्यांपासून फ्लीस करण्याची सुरुवात पॅटागोनिया या कंपनीने १९९३ मध्ये केली, तेव्हा त्या बाटल्यांना दुसरी वाट फारशी नव्हती. नव्या पेट्रोलियमपासून धागा काढण्याऐवजी जुन्या बाटलीपासून काढला तर ऊर्जा कमी लागते आणि तेलही वाचते. तंतू दोन्ही प्रकारच्या कापडातून सुटतात; मग जुन्या बाटलीच्या कापडालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे का करता? शिवाय तंतूंचा प्रश्न उजेडात आणणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी २०१६ मध्ये केला. त्याला पैसे पॅटागोनियानेच दिले होते. कृत्रिम धाग्याच्या जॅकेटमधून एका धुण्यात सरासरी १.७ ग्रॅम तंतू सुटतात, हे त्यातूनच कळले. स्वतःच्या मालाविरुद्ध जाणारा निष्कर्ष प्रसिद्ध होऊ देणाऱ्या उद्योगाला आपण बाटलीवाल्यांच्या रांगेत बसवणार असाल, तर उद्या असा अभ्यास करायला कोणीही पुढे येणार नाही.

धागादोरा

अभ्यासाला पैसे दिले याचे श्रेय मी नाकारत नाही. पण अभ्यासानंतर फ्लीसची विक्री थांबली काय? जगात सर्वांत जास्त तयार होणारा धागा आजही पॉलिएस्टर आहे.

आणि ‘दुसरी वाट फारशी नव्हती’ हे विधान १९९३ साठी खरे असेल, आज नाही. बाटलीची पुन्हा बाटली करता येते, आणि अनामत रकमेमुळे परत आलेला स्वच्छ माल त्यासाठी सर्वांत उपयोगी असतो. कपडे बनवणारे उद्योग तोच माल ओढून घेतात. बाटलीचा टी-शर्ट झाला की त्याची पुन्हा बाटली होत नाही, आणि बहुतेक टी-शर्टांचा पुन्हा टी-शर्टही होत नाही. तो शेवटी पुरला किंवा जाळला जातो. आपण त्याला वर्तुळ म्हणता. मला तर ती कचऱ्याकडे जाणारी सरळ वाट दिसते, फक्त मध्ये एक थांबा वाढला आहे.

वल्हेकरी

मग घालायचे काय? हे मी रागानेच विचारतो आहे. बर्फ वितळून आलेल्या पाण्यात सुती कपडा घालून उतरलेला माणूस कयाक उलटल्यावर किती वेळ हातपाय हलवू शकतो, याची ज्यांना कल्पना नाही त्यांनी कपड्यांवर व्याख्याने देऊ नयेत. भिजलेले सूत अंगाला चिकटून ऊब शोषून घेते. फ्लीस पाणी झटकते. लोकर चालते, पण ती महाग आहे आणि नवशिक्या मुलांना परवडत नाही. माझ्या शेजारी उलटलेला एक मुलगा केवळ अंगातील कपड्यांमुळे शुद्धीवर राहिला, असे माझे ठाम मत आहे. तंतूंच्या भीतीने त्याला सुती सदरा घालायला सांगायचा काय?

धागादोरा

मी कोणालाही बर्फाच्या पाण्यात सुती सदरा घालून उतरवलेले नाही, आणि माझ्या लिखाणातून तसा अर्थ काढणे अन्यायाचे आहे. जीव वाचवणारे वस्त्र घालावेच. काठावर उभे राहून पिशव्यांची तोंडे बांधणाऱ्या दोनशे माणसांना, ज्यांच्या घरी आधीच कपडे आहेत, आणखी एक पॉलिएस्टरचा टी-शर्ट का द्यायचा, हा माझा प्रश्न होता आणि त्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

नोंदवही

कपड्यांवर आता मूळ विषयापेक्षा अधिक लिहून झाले आहे. तरी धागादोरा यांच्या बाजूने एक नोंद करायलाच हवी. २०१९ मध्ये एव्हरेस्टवर घेतलेल्या बर्फाच्या नमुन्यांत सूक्ष्मप्लास्टिक सापडले. सर्वांत वरचा नमुना ८,४४० मीटर उंचीवरचा होता आणि सापडलेल्या तुकड्यांत पॉलिएस्टरचे तंतू सर्वाधिक होते. गिर्यारोहकांचे कपडे, तंबू आणि दोर हेच त्याचे संभाव्य उगम संशोधकांना वाटले. नद्या जेथे जन्मतात तेथेच आपला गणवेश पोहोचला आहे.

उपाय मात्र आहेत. पाठपिशवी यांनी सांगितलेल्या २०१६ च्या अभ्यासातच, वरून कपडे टाकण्याच्या धुलाईयंत्रात समोरून टाकण्याच्या यंत्राच्या सुमारे सातपट तंतू सुटतात आणि जुन्या झालेल्या जॅकेटमधून नव्यापेक्षा अधिक सुटतात, असेही आढळले. कमी वेळा, गार पाण्यात आणि यंत्र पूर्ण भरून धुतल्यास फरक पडतो. धुण्याच्या यंत्रालाच गाळणी बसवण्याची तरतूद फ्रान्सने २०२० च्या कायद्यात केली आणि त्यासाठी २०२५ ची मुदत घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसेच विधेयक मंजूर केले, पण २०२३ मध्ये तेथील गव्हर्नरांनी ते नामंजूर केले. पाहावे तर येथेही गाडी कायद्यापाशीच येऊन थांबते, स्वयंसेवेपाशी नाही.

तराफा

मी बरीच वर्षे राफ्टिंगचा व्यवसाय केला. या धाग्यावर उद्योगांच्या वतीने आणि उद्योगांच्या विरोधात पुष्कळ लिहिले गेले, म्हणून प्रत्यक्षात काय होते ते सांगतो.

आमच्या प्रत्येक सहलीत माणशी बंद बाटल्या दिल्या जात. तराफा उलटला की त्या सुटून निघून जात. आम्ही माणसे गोळा करायचो, बाटल्यांच्या मागे जाणे शक्य नसे. पुढे खालच्या डोहात त्या एकाच कोपऱ्यात फिरत राहिलेल्या दिसत, आमच्याच नावाची पट्टी लावलेल्या. मी ठरवले की बाटल्या बंद. मोठी पिंपे, गाळणी आणि प्रत्येकाला दोरीने बांधलेला धातूचा पेला. पिंप तराफ्याच्या मध्यभागी बांधावे लागे, त्यामुळे एका प्रवाशाची जागा गेली. काही प्रवाशांनी गाळलेले पाणी प्यायला नकार दिला. शेजारच्या व्यावसायिकाने आपल्या जाहिरातीत ‘सीलबंद पाणी’ असे ठळक छापायला सुरुवात केली आणि दोन मोठे गट माझ्याकडून त्याच्याकडे गेले. त्याच माणसाच्या नावाचा फलक मी वार्षिक स्वच्छता मोहिमेत मुख्य प्रायोजक म्हणून पाहिला. त्या दिवशी आलेला राग अजून गेलेला नाही.

तेव्हा माझे मत असे आहे की चांगला उद्योजक एकटा पडतो. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाने २०१२ मध्ये बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवली आणि जागोजागी पाणी भरून घेण्याची सोय केली, तेव्हा नियम उद्यानातील सगळ्या विक्रेत्यांना एकच होता. त्यामुळे कोणाचे गिऱ्हाईक शेजारी गेले नाही. तेथील राष्ट्रीय उद्यानांना अशी बंदी घालण्याची मुभा देणारे २०११ चे धोरण २०१७ मध्ये मागे घेतले गेले, हेही येथे नोंदवले पाहिजे. बाटलीबंद पाणी विकणाऱ्या उद्योगाने त्या धोरणाविरुद्ध बराच जोर लावला होता. मला नियम हवा आहे, तो नदीसाठी आणि माझ्या धंद्यासाठीही.

पाठपिशवी

तराफा यांचा अनुभव वाचून वाईट वाटले आणि पिंपाच्या बाबतीत सगळ्यांना एक नियम असावा हे मला मान्य आहे. अनामत रकमेला मात्र माझा विरोध कायम आहे. चिकट, वास मारणाऱ्या रिकाम्या बाटल्या परत घेऊन साठवायच्या कोणी? माझ्यासारख्या लहान दुकानदाराने. मोठ्या कंपन्या कायद्याला नुसती मान डोलावतील आणि भार खाली ढकलतील.

उगमशोधक

ही अडचण खरी आहे, म्हणूनच अनेक देशांच्या कायद्यांत लहान दुकानांना सूट दिलेली आहे आणि बाटल्या परत घेणाऱ्या दुकानाला प्रत्येक बाटलीमागे हाताळणीचा मोबदला दिला जातो. लिथुआनियाने २०१६ मध्ये ही पद्धत सुरू केली. त्यापूर्वी तेथे प्लास्टिकच्या बाटल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच परत येत. दोन वर्षांच्या आत ९० टक्क्यांहून अधिक येऊ लागल्या. ज्या देशात ९० टक्के बाटल्या परत येतात, तेथे वल्हेकरी यांच्या ओंडक्यांच्या ढिगात काय उरेल याचा विचार करावा. पिशव्या उरतील, वेष्टने उरतील, थर्माकोल उरेल आणि त्यांच्यासाठी निराळे भांडण करावे लागेल, हे मी जाणतो.

धागादोरा यांच्या टी-शर्टच्या प्रश्नाला कोणीही उत्तर दिले नाही, कारण उत्तर नाही. तो देऊ नये.

वल्हेकरी

टी-शर्टचे मी मान्य करतो. आम्हालाही ते नकोच असतात, प्रायोजक पाठवतो म्हणून वाटतो. पुढच्या मोहिमेपासून पिशवी बांधण्याआधी बाटल्यांवरील नावे नोंदवू. त्यासाठी कोरडी जागा, जास्तीची माणसे आणि आणखी अर्धा दिवस लागेल. ज्यांना मोजणी हवी आहे त्यांनी त्या अर्ध्या दिवसासाठी स्वतः यावे, अशी माझी अट आहे. फलक मात्र मी काढणार नाही. गाडी त्याच्याच पैशांतून येते, आणि कचरा काठावर कुजत ठेवून तत्त्व पाळणे मला जमणार नाही.

उगमशोधक

मी येईन. फलकाबाबत आपले एकमत होणार नाही, परंतु माझीही एक अट ऐकावी : नोंदीचा तक्ता प्रायोजकाच्या हाती जाणार नाही, आणि नावांमध्ये त्याचे स्वतःचे नाव सापडले तर तेही इतरांसारखेच लिहून प्रसिद्ध केले जाईल.

वल्हेकरी

तक्ता आमच्याच हाती राहील. नाव सापडले तर लिहू. त्यानंतर गाडी मिळाली नाही, तर गाडीची व्यवस्था आपण करायची.